डोकं कुणाच्या मांडीवर

माझ्या नणंदेला नाही म्हणायची सोय नाही. आम्हा टोंगन माणसांत बापाची बहीण सगळ्यांच्या वर. भावाच्या वर, भावजयीच्या तर बोलायलाच नको, आणि भावाच्या पोरांसाठी तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. छे, कशाला खोटं बोलू, तक्रार म्हणूनच सांगतेय.

तिचं नाव लावेनिया. इथं ऑकलंडला, मांगेरेत, आमच्या घरापासून थोड्याच गल्ल्या सोडून एकटी राहते. उंच, ताठ, आणि डोक्यावर कायम टोपी. चर्चची पांढरी, लग्नाची निळी, मयताची काळी, बाजाराला जायची वेगळी आणि दवाखान्यात जायची आणखी वेगळी. टोपी ठरल्याशिवाय बाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि तोवर बाकीच्या जगानं थांबायचं. जग थांबतंही, हेच तर माझं दुखणं आहे.

माझ्या लग्नात माहेरून आलेला सगळ्यात मोठा टापा, माझ्या आईनं आणि मावश्यांनी झाडाची साल कुटून कुटून, हाताला फोड आणून केलेलं ते कापड, हिनं उचललं. मानच तिचा. केकचा वरचा मजलाही तिचा. माझ्या मुलाच्या, सितानीच्या वेळी मला कळा येऊन थांबल्या, तर सासूनं काय म्हणावं? "नणंदेला दुखावलं असशील, माफी माग तिची." इकडे माझा जीव चाललाय आणि मी फोनवर म्हणतेय, ताई, काही चुकलं असेल तर पोटात घाला. काय चुकलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती "बरं" म्हणाली, मूल झालं, आणि त्याचं श्रेयही तिला. नाव ठेवलं तेही तिनंच. मला मुलाला माझ्या वडिलांचं नाव द्यायचं होतं, पण मला कोण विचारतंय!

आणि तरी माझा नवरा फेलेती बहिणीबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घ्यायचा नाही. "लोसे, तिनं मला कडेवर वाढवलंय," एवढंच म्हणायचा. खरंच होतं ते. बेटावर असताना त्यांची आई काही वर्षं अंथरुणाला खिळलेली, तेव्हा हिनंच धाकट्या भावाला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या केसांतल्या उवा काढल्या, त्याला मांडीवर झोपवलं. तो मोठा झाला आणि रीतीप्रमाणे दोघं लांब झाले. आमच्यात मोठे झालेले भाऊबहीण एका खोलीत ऐसपैस बसत नाहीत. ती आमच्या घरात शिरली की फेलेती टीव्ही बंद करून उठायचा आणि मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. ती आत, तो बाहेर, आणि चहा नेऊन द्यायला मी मध्ये. ऑकलंडला आधी ती आली. कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात उभं राहून राहून पाय सुजवून घेतले, भावाला बोलावून घेतलं, स्वतःच्या गॅरेजात ठेवलं. तिथंसुद्धा त्याचं ताट ती दारात ठेवून मागे फिरायची. माया होती, पण जवळ बसायचं नव्हतं.

आता तो रविवार सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चर्च सुटलं होतं. परसात फेलेती आणि सितानीनं उमू लावली होती. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर अळूच्या पानांत बांधलेलं मांस आणि नारळाचं दूध, टारोचे कंद, वर गोणपाट आणि माती. जेवण तयार होतं. पण लावेनिया आली नव्हती, आणि ती आल्याशिवाय उमू उघडायची नाही. फेलेती म्हणाला, "लोसे, गाडी घेऊन जा, आण तिला." मी गेले. तिच्या दारात हॉर्न वाजवत बसले. खिडकीतून दिसत होती मला, आरशासमोर. पांढरी टोपी काढ, पिवळी घाल. पिवळी काढ, पांढरी घाल. मी हॉर्नवरून हात काढत नव्हते आणि ती काचेतून बोट दाखवत होती, थांब जरा, थांब जरा.

तेवढ्यात इकडे माझा नवरा गॅरेजच्या दारापाशी काँक्रीटवर कोसळला.

घरात सितानी एकटा. त्यानं अँब्युलन्स बोलावली आणि तो बापाच्या पायाशी बसला. डोक्याशी नाही बसला. आमच्यात बापाच्या डोक्याला पोरांनी हात लावायचा नसतो. बापाचं उष्टं खायचं नाही, त्याच्या डोक्याला शिवायचं नाही, हे पोरांच्या अंगात चालायला यायच्या आधीच भिनलेलं असतं. फेलेतीच्या डोक्याखाली काही नव्हतं, नुसतं तापलेलं काँक्रीट. आमची गाडी दारात आली तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टरनं मला नीट समजावून सांगितलं की हृदयच बंद पडलं, कुणी डोकं उशीवर ठेवलं असतं तरी काही फरक पडला नसता. मी ते सितानीला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. एकदाच बोलला तो, भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. "आई, मी हात पुढे केला होता. मग मागे घेतला. बघायला कुणी नव्हतं गं तिथं. कुणासाठी मागे घेतला मी?"

मी कपबशा पुसत राहिले.

मयतात लावेनिया फेलेतीच्या डोक्याशी बसली. मान तिचाच. काळी टोपी घालून बसली ती उठलीच नाही, नुसती भावाच्या केसांवरून हात फिरवत राहिली. सितानी रीतीप्रमाणे दुखवट्याच्या फाटक्यातुटक्या चटया गळ्यापर्यंत गुंडाळून मागे चुलाण्यावर राबत होता. आणि मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता बसलीस होय? आता वेळ झाला होय तुला? पण तोंडाला कुलूप. भावजयीनं नणंदेला असं बोलायचं नसतं. गिळलं मी ते, आणि गिळलेलं पचलं मात्र नाही.

सितानी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मटणाचे भाव, ताजे मासे, आज सवलत, असल्या. मयताचे पाहुणे गेले आणि त्यानं गॅरेजात टेबल लावलं. कामावरून आला की थेट तिथं. मी एकदा डोकावले तर कागदांचा ढीग, शाईचे डाग, आणि मध्ये एक धिप्पाड माणूस उडतोय.

"सव्वीस वर्षांचा घोडा झालास आणि कॉमिक काढतोस?"

"आई, ही चित्रकादंबरी आहे."

"चड्डी आत आहे का बाहेर?"

"बाहेर."

"मग कॉमिकच आहे."

तो हसला. मयतानंतर पहिल्यांदा हसला, म्हणून मी पुढे काही बोलले नाही आणि डबा तिथंच नेऊन द्यायला लागले.

त्या पुस्तकाचा नायक टोकोनी. टोकोनी म्हणजे आमच्या भाषेत मदत. हा टोकोनी विमानतळावर सामान चढवणारा माणूस, माझ्या फेलेतीसारखाच. आयुष्यभर लोकांच्या पेट्या उचलून उचलून त्याच्या खांद्यात अचाट बळ आलेलं. वादळानं विमानं अडकली आणि तिकडे बेटावर कुणाची आई शेवटची घटका मोजत असली, की हा कमरेला गुंडाळायची आमची मानाची चटई घट्ट आवळतो, माणसांनी भरलेलं विमान खांद्यावर घेतो आणि समुद्र ओलांडून नेऊन ठेवतो. राक्षसबिक्षस कुणी नाही. एक विमानं अडवणारा साहेब आहे, आणि वारा आहे. माणसं वेळेवर पोचतात, एवढीच टोकोनीची करामत. पण दर विमानाला त्याच्या काळजाचा एक तुकडा झिजतो, आणि हे तो घरी सांगत नाही. घरी येतो आणि मागच्या पायरीवर बसतो. ती पायरी बघितली आणि मला रडू फुटलं. फेलेती बसायचा तसाच, एक गुडघा वर, तुटकी फरशी उजवीकडे.

शेवटच्या पानावर टोकोनी कोसळतो. संपूर्ण पानभर एकच चित्र, शब्द नाहीत. त्याचा मुलगा धावत आलाय, त्यानं बापाचं डोकं मांडीवर घेतलंय, दोन्ही हातांनी धरलंय.

"आता तरी कुणीतरी धरलंय," सितानी म्हणाला.

दोन वर्षं तो या एका पानासाठी बसला होता, हे मला तेव्हा कळलं. आधीची सगळी विमानं या पानापर्यंत यायला उचलली होती पोरानं.

शहरातल्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेनं पुस्तक घेतलं. ब्रिजेट नावाची बाई होती तिथं, मोठी उत्साही. प्रकाशन आमच्या चर्चच्या हॉलमध्ये करायचं ठरलं. बँड वाजणार, पास्टर प्रार्थना म्हणणार, पुस्तकं बेटांवर जाणार. छापायला द्यायचा आठवडा आला आणि मीच म्हणाले, "आधी आत्याला दाखव बाबा." माझीच जीभ झडायला हवी होती! पण इलाज नव्हता. बापावरचं पुस्तक बापाच्या बहिणीनं बघितलेलं नाही म्हटल्यावर मांगेरेतला एक माणूस हॉलमध्ये फिरकला नसता.

गेलो आम्ही. नवी चटई, अळूच्या पुरचुंड्या, सगळं रीतसर. ती खुर्चीत, आम्ही खाली. तिनं चष्मा लावला, बोट ओलं केलं आणि पानं उलटायला लागली.

"हा फेलेती? एवढं सपाट पोट? हा तर टीव्हीवरचा कुणीतरी गोरा दिसतोय."

"हिरो आहे तो, आत्या."

"हिरो असेल, पण माझ्या भावाची छाती कधीच पोटावर उतरली होती. आणि या दुष्ट साहेबाला नाक पास्टरांचं दिलंयस."

"नाही हो, आत्या!"

"पास्टरांचंच आहे. राहू दे, शोभतंय त्याला."

हसत होती. चक्क हसत होती. एका पानावर विमानातली म्हातारी टोपी धरून बसली होती, तिथं तर खदखदली. मला वाटलं, सुटलो. मग शेवटचं पान आलं. ती किती वेळ बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे पान जायचं नाही."

"आत्या, हेच पान म्हणजे पुस्तक आहे."

"पोरानं बापाचं डोकं मांडीवर घेतलेलं मी छापू द्यायची नाही. बेटांवर जाणार हे पुस्तक. लोक म्हणतील, फेलेतीच्या घरात वळणच नव्हतं."

सितानीनं पानं गोळा केली. कडा जुळवल्या. "मग पुस्तकच नको," म्हणाला, हळूच, मान खाली घालून. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला. मी चटईवर बसले होते आणि अंगाची नुसती लाही होत होती, पण बोलायची सोय आहे का काही?

त्यानंतर गॅरेजला कुलूप. ब्रश पाण्यात तसेच ठेवलेले, त्यांचे केस वाकडे झाले. ताटातलं चिवडून उठायचा. ब्रिजेटचे फोन मला यायचे.

"पण पुस्तक तर त्याचं आहे ना?" ती विचारायची. "आत्याची परवानगी कायद्यानं लागते का?"

"कायद्यानं नाही लागत गं."

"मग?"

मग काय! हिला काय समजावू? मी म्हणायचे, बघते मी, आणि फोन ठेवायचे. सितानीला म्हणाले, "अरे, एक पान बदल. दुसरं काहीतरी काढ. सूर्यास्त काढ."

"नको आई. आत्याचं बरोबरच आहे. मी धरलं नव्हतंच. खोटं काढलं होतं मी, आणि तिनं ते बरोबर पकडलं."

हे ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. पोरानं दोन वर्षं घासून घासून स्वतःला एवढीशी माफी दिली होती, तीही हिनं काढून घेतली! माझा टापा घे, केक घे, माझ्या पोराचं नाव घे, पण हे नाही. मी गाडी काढली. तिच्या दारात थांबले, आणि या खेपेला हॉर्न वाजवला नाही. सरळ आत गेले.

बाई आरशासमोर. गाण्याच्या तालमीला निघाली होती. पलंगावर टोप्या मांडलेल्या.

"लोसे? बस, मी जरा..."

"नाही बसायचं मला. ताई, माझ्या पोराला तुम्ही वळण शिकवता? त्याला वळण होतं म्हणूनच तो पायाशी बसला. उन्हात, एकटा, बाप मरताना बघत. डोक्याशी बसायचा मान तुमचा ना? सगळीकडे मान तुमचा. मग त्या दिवशी कुठे होतात? इथं होतात. इथंच, याच आरशासमोर टोपी बदलत होतात! आणि मी बाहेर हॉर्न वाजवत होते!"

असं कुणी बोलत नाही आमच्यात. मला वाटलं, आता ही शाप देईल, हाकलेल, पास्टरांना बोलावेल.

ती पलंगाच्या कडेवर बसली, टोप्या बाजूला न सारता. एक तर चेपलीच.

"मला वाटलं होतं तू मयतातच बोलशील," ती म्हणाली. "वाट बघत होते मी. तू नुसत्या कपबशा धूत राहिलीस."

तिनं ती चेपलेली टोपी अंगाखालून ओढून काढली.

"त्या रविवारी पांढरी घातली शेवटी. आधी घातली होती तीच. काढली कशाला होती देव जाणे." हातातल्या टोपीची कड दाबून सरळ केली. "लोसे, तो मोठा झाल्यापासून त्याच्या डोक्याला हात नव्हता लावला मी. लावला तेव्हा ते गार होतं."

माझा राग कुठे गेला म्हणता? कुठेही गेला नाही, तिथंच होता. पण त्याचं काय करायचं ते मला कळेनासं झालं. ती उठली आणि घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडली. मी किल्ली हातात घेऊन दारात उभी, आणि ही गाडीत जाऊन बसलेली, डोकं उघडं. वरून मलाच म्हणते, "चल ना, कशाची वाट बघतेस?" घ्या! आता उशीर कोण करतंय, तर मी.

सितानी गॅरेजसमोर झाडत होता. आत्या उघड्या डोक्यानं उतरलेली बघून त्याच्या हातातला झाडू तसाच राहिला. जन्मात कधी त्यानं तिचे केस बघितले नव्हते. पांढरे, विरळ, टोपीनं चपटे झालेले.

"उघड ते दार," ती म्हणाली. "पान काढ."

त्यानं काढलं, टेबलावर ठेवलं. ती एका उलट्या क्रेटवर बसली. पानाकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघत होती.

"त्या दिवशी पायाशी होतास तू?"

"हो."

"धरले होतेस पाय?"

"दोन्ही."

"गरम होते?"

"गरम होते, आत्या. एक चप्पल निघून पडली होती, ती मी परत घातली."

"काही बोललास त्याच्याशी?"

सितानी थांबला. हे मला त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. "आत्या येतेय, बाबा. आत्या येतेय. तेवढंच म्हणत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं."

लावेनियानं डोळे मिटले. मग तिनं स्वतःला आवरलं आणि बोलली, तेव्हा आवाज नेहमीचाच होता, हुकूम सोडायचा.

"मग नीट ऐक. तू होतास तीच तुझी जागा. तू चुकला नाहीस. डोक्याची जागा माझी. ती रिकामी राहिली ती माझ्यामुळे, आणि माझी रिकामी जागा तू भरत बसू नकोस. त्या पोराला पायाशी काढ, आणि मला डोक्याशी काढ."

"पण आत्या, तुम्ही नव्हता तिथं."

"तुझ्या पुस्तकात फेलेती विमान उचलतो?"

"हो."

"माणसांसकट? खांद्यावर?"

"हो."

"मग त्याची बहीण एकदा वेळेवर पोचली, तर तुझ्या पुस्तकाचं काय बिघडणार आहे?"

सितानीनं बाहीनं तोंड पुसलं. त्यानं कोरा कागद घेतला, टेबलावर चिकटवला आणि पेन्सिल शोधायला लागला. ती टेबलावरच होती.

"टोपी कुठली काढू?" त्यानं विचारलं.

"टोपी नाही. टोपी शोधत बसले असते तर पोचले असते का?"

मी घरातून उशी आणली. ती तिनं मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी अशी धरली की मला बघवेना. मी दाराकडे सरकले.

"लोसे, कुठे चाललीस? उभी राहा तिथं. गाडी तुझी होती ना? चालत आले होते का मी?"

म्हणून मीही आहे त्या पानात. मागे फाटकापाशी गाडी, दार सताड उघडं, आणि मी धावतेय, एक चप्पल पायात आणि एक रस्त्यावर. कंबर मात्र जरा जास्तच रुंद काढलीय मेल्यानं. विचारलं तर म्हणतो, आई, खरं काढायला सांगितलंय आत्यानं.

पुस्तक छापून आलं. हॉल भरला. बँडवाले घाम पुसत बसलेले, पास्टर पहिल्याच रांगेत (नाक बदललेलं नाही, आणि त्यांनी ते अजून बघितलेलं नाही). ब्रिजेट फुलांचा हार घालून लाल झालेली. भिंतीला लागून टेबलांवर जेवण झाकून ठेवलेलं, पोरं त्याच्या वासावर घिरट्या घालतायत. आणि नणंदबाईंचा पत्ता नाही! ब्रिजेट मला विचारतेय, आपण सुरुवात करायची का? कशी करणार? पहिली प्रत तिची, पहिला घास तिचा. माझी नुसती चिडचिड. म्हटलं, एवढं सगळं झालं, माणूस तिळभर बदलायला नको का? तिळभरसुद्धा?

आली एकदाची. पांढरी टोपी, त्यावर नवीन फीत. फीत! त्या फितीपायी दीडशे माणसं ताटकळली. सगळे उभे राहिले, ती हळूहळू चालत पुढे आली आणि खुर्चीत बसली. सितानीनं गुडघ्यावर बसून पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिनं सुरुवात उघडलीच नाही. सरळ शेवटचं पान काढलं, चष्मा न लावताच. टोपी काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली, सगळ्या हॉलसमोर, आणि भावाच्या छापील केसांवर तळहात ठेवला.

"आले रे," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. मग मी जेवणावरची फडकी काढायला गेले.